बर्निस मावशीची पावती

बर्निस मावशी पोरं सांभाळायची, पण पैसे घेऊन सांभाळते असं म्हटलेलं तिला खपत नसे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव एवढंसं. मासळीच्या कारखान्यातल्या बायका सकाळी पोर तिच्या स्वयंपाकघरात सोडायच्या आणि शुक्रवारी चहाच्या डब्यामागे गुपचूप नोटा ठेवायच्या. त्या वेळी मावशी खिडकीबाहेर बघत बसायची. नोटांबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, ही आमची रीत.

यंदा त्यांतल्याच ट्रुडीने पोर सांभाळण्याचा हा खर्च आयकरातून वजा केला. तिचं रिटर्न मीच भरलं. दर मार्चमध्ये चर्चच्या हॉलमध्ये मी गावाची रिटर्नं फुकट भरतो, आणि फुकटच्या मानाने बरी भरतो. रिफंड आला, ट्रुडीने नवी शेगडी घेतली. मग करखात्याचं पत्र आलं: सांभाळणारीचं नाव, सरकारी ओळख नंबर, सही असलेली पावती तीस दिवसांत पाठवा, नाहीतर पैसे परत करा. शेगडी तर पेटली होती.

आम्ही दोघं मावशीकडे गेलो. पावती म्हणताच तिचा चेहरा उतरला. मला तिची दयाच आली.

"म्हणजे मी तुझ्याकडून पैसे घेते, असं लिहून देऊ? तुझ्या आईच्या लग्नात मी करवली होते गं."

"नको देऊस, मावशी," ट्रुडी रडवेली होऊन म्हणाली. "मी काम सोडते. जॉशला मीच सांभाळीन."

"तू? तू त्याला थंड दूध देतेस." मावशीने पेन मागितलं.

तिने पानभर लिहिलं. जॉश, वय चार. दोनशे अकरा दिवस. रोज गरम लापशी. तीनदा ताप. कुत्र्याला भ्यायचा, आता भीत नाही. खाली नाव, नंबर, सही. रकमेचा मात्र पत्ता नव्हता.

"मावशी, रक्कम?"

"ती मला काय माहीत? मी कधी बघितलीय?" तिने कागद ट्रुडीकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. "तूच लिही."

दिवसाचे पंचवीस डॉलर. ट्रुडीने बोटांवर हिशोब केला आणि पुटपुटत लिहायला लागली, "पाच हजार दोनशे पंच्याहत्तर..."

"पंचावन्न," मावशी खिडकीबाहेर बघतच म्हणाली. "ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी वीस कमी होते."