दाखवायला ठेवलेला चेहरा

शमाआपाचं नाव आधी लिहिते. सोलापुरात नवी पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात, पडद्यामागे बसून काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी शमाआपा. ती नसती तर मी आजही त्या काउंटरमागे उभी असते. हसत. आता काय झालं ते लिहिते.

“ए, इकडं ये. हा घाल.”

मालकानं गॉगल पुढं केला. मी घातला. समोर गाडीतून आलेली एक बाई. तिचं दोन गॉगलांत ठरत नव्हतं. मालकानं माझ्या हनुवटीला बोट लावलं, माझं तोंड तिच्याकडं वळवलं आणि म्हणाला, “बघा मॅडम. हिच्या तोंडावर एवढा बरा दिसतोय, तर तुमच्यावर कसा दिसंल, विचार करा की.”

बाई हसली. मालक हसला. मीपण हसले.

गॉगल खपला.

माझा कामाचा तिसरा दिवस होता. त्यानंतर ते वाक्य रोज. कधी दिवसातून चारदा. शब्दसुद्धा बदलायचे नाहीत.

मी चंद्रपूरच्या पलीकडची. आठवीत शाळा सुटली. मामा टॉवेलच्या कारखान्यात कामाला म्हणून सोलापुरात आला, मला सोबत घेऊन आला. पुढं तो आजारी पडून गावी परतला. मी राहिले. शहराबाहेर, कुंभारीत एका खोलीत आम्ही चौघी. दुकानातलं काम सावलीतलं, पंख्याखालचं. मला मालकाचे उपकारच वाटायचे. सकाळी काचेची कपाटं पुसताना रोज वाटायचं, आज काढून टाकतील का? त्या भीतीपुढं हसणं सोपं होतं.

काम मी मन लावून शिकले. भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता होता. गोल, चौकोनी, लांबट, बदामी. सगळे गोरे. गोल चेहऱ्याला कोनांची फ्रेम. रुंद जबड्याला गोलसर. लांब तोंडाला उंच काचांची. नाक बसकं असेल तर नाकावर टेकणाऱ्या गाद्या हव्यात, नाहीतर सोलापूरच्या घामात गॉगल ओठावर येतो. गिऱ्हाइकाला हसायला सांगायचं. गालानं फ्रेम वर उचलली गेली, तर ती त्याची नव्हे. दोन वर्षं मी माणसांना त्यांचे चेहरे सांगत होते. माझा कुठला, हे कधी मनातच आलं नाही.

उन्हाळ्यातली दुपार होती. शटर अर्धं खाली, मालक जेवायला घरी. आपा हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडं बघत राहिली.

“तेरा चेहरा कौनसा है गे?”

मी म्हणाले, “काळा.”

आपानं हात पुसायचं फडकं बाजूला टाकलं. मग म्हणाली, “रंग कौन पूछा? ठेवण पूछी मैं.”

मला सांगता येईना. तिनं मला स्टुलावर बसवलं. माझ्या कपाळावर, गालाच्या हाडांवर, जबड्यावर अंगठे टेकवले. तिच्या बोटांना काचेच्या पाण्याचा गारवा होता. “कपाळ रुंद. हनुवटी निमुळती. तक्त्यावरचा तो चौथा, बदामी हाय बघ तुझा.” आणि कपाटातून खाली रुंद होत जाणारी एक फ्रेम काढून तिनं माझ्या डोळ्यांवर ठेवली. “हस.”

हसले. फ्रेम हलली नाही.

त्या आरशात मी हजारदा गॉगल घालून उभी राहिले होते, पण दर वेळी मागं कुणीतरी हसत असायचं. आज कुणी नव्हतं. तो गॉगल मला शोभत होता. आनंद नाही झाला. धस्स झालं. हे तोंड चांगलं असेल, तर मी दोन वर्षं हसत होते ते कशाला?

आठ-पंधरा दिवसांनी लग्नघरची माणसं आली. नवरदेव आणि त्याची आई. मालक त्यांना एक भारीतला गोल काचांचा गॉगल खपवत होता. मला हाक आली. सवयीनं गेले, सवयीनं घातला. मालकानं वाक्य म्हटलं. नवरदेव हसला, हात पुढं केला. आईनं त्याचा हात धरला.

“थांब रे. कुटली गं तू? आडनाव काय तुजं?”

मी सांगितलं.

“हिनं घातलेलं नगं आमाला. दुसरं काढा.”

मालक घाईघाईनं म्हणाला, “काकू, हिला नुसती दाखवायला ठेवलीय. तुमाला पेटीतला नवा देतो की.” आणि दुसरा गॉगल माझ्यापुढं धरला. “घाल गं.”

खोलीचं भाडं, गाव, मामा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

मी गॉगल घेतला नाही.

“माझ्या तोंडावर नाही. त्यांना घालायचाय, त्यांच्या तोंडावर बघा.” मग नवरदेवाला म्हणाले, “तुमचा चेहरा गोल आहे. हा गोल गॉगल तुम्हाला शोभणार नाही.”

“आता ही शिकवणार व्हय आमाला?” आई म्हणाली.

मालकाचं तोंड लाल झालं. “डोकं ठिकाणावर हाय का तुजं? चल, नीघ. बाहेर हो.”

तेवढ्यात पडद्यामागचं मशीन थांबलं. ओल्या एप्रनात आपा बाहेर आली.

“मालक, पोरगी बरोबर बोलली. चेहरा गोलच हाय.”

“तुला कुणी इचारलं? आत जा.”

“नक्को. आत नहीं जाती मैं.”

“मग दोघी चालत्या व्हा. उद्या सतरा जणी येतील.”

आपानं एप्रन काढून काउंटरवर ठेवला. अकरा वर्षांचं काम होतं तिचं.

नवी पेठेत गोष्ट लगेच पसरली. आपाला एकाही चष्म्याच्या दुकानात कुणी घेतलं नाही. आता ती घरी टॉवेलच्या कडा शिवते. एकदा मी विचारलं, “आपा, का आलीस गं बाहेर?” मान वर न करता म्हणाली, “ग्यारा साल मशीन के आवाज में सुनाई नहीं आता बोलके बैठी मैं. सुनाई तो सब आता था.”

मी रस्त्याच्या कडेला गॉगल विकते. ऊन डोक्यावर असतं. भीती गेलेली नाही. परवा एक जण मित्रांना डोळा मारत म्हणाला, “ताई, तुमी घालून दाखवा की.” मी आरसा त्याच्या तोंडासमोर धरला. म्हणाले, “तुमचं तोंड बघा.” तो न घेता गेला. जाऊ दे.

दुसऱ्याला गोरं ठरवायला माझा चेहरा आता मिळणार नाही. भुकेली राहिले तरी नाही.

आणि आपा, तुझ्या हातचं काम माझ्यापायी गेलं. ते मी तुला परत मिळवून देणार आहे. कसं, अजून कळत नाही. पण देणार.