शेवटचा ‘नाही’

दवाखान्याच्या फोनखोलीत सहा परिचारिका इंटरनेटच्या फोनवरून लोकांना औषधांचे सल्ले देत. तिथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंना सगळे तारमावशी म्हणत. बाई अशी की वायरींचा गुंता दिसला की तिचे हात शिवशिवायचे.

एके दिवशी परिचारिका म्हणाली, “ती गोळी आता द्यायची नाही.” पलीकडे सासऱ्यांच्या औषधाचं विचारणाऱ्या सुनेला ऐकू आलं, “ती गोळी आता द्यायची.” आपल्या भाषेत नकार बसतो शेवटी, आणि आवाज तुटला नेमका तिथंच. सून चौकस, तिनं पुन्हा विचारलं, म्हणून सासरे वाचले. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर खोलीला कुलूप. धास्तावलेल्या परिचारिका एकेक ‘नाही’ तीन-तीनदा म्हणू लागल्या. लोक विचारायचे, बाई, चिडलात का?

मावशींनी खोलीत बसून सगळे फोन तपासले. आवाज लख्ख. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इथं आपल्याला येणारा आवाज ऐकू येतो. दुखणं जाणाऱ्या आवाजाचं आहे. त्या समोरच्या फुटपाथवर गेल्या आणि मोबाइलवरून खोलीत फोन लावला. बरोबर अकराला परिचारिकेचा ‘नाही’ गायब. त्याच वेळी खालचा एक्स-रे विभाग सकाळचे सगळे फोटो बाहेर पाठवायचा आणि जाणारी वाट अडवून बसायचा. नेटवर्कवर आवाजाला आधी सोडायचा मान मावशींनीच दिला होता, पण फक्त येणाऱ्या वाटेवर. त्यांनी कपाळावर हात मारला.

डॉक्टर इंटरनेटची मोठी लाइन घ्यायला निघाले होते. मावशी म्हणाल्या, “तीही हे फोटो भरून टाकतील. आवाजाला आधी सोडू, फोटोंना कुठं गाडी पकडायचीय?” त्यांनी राउटरवर जाणाऱ्या वाटेचा एक हिस्सा आवाजासाठी राखून ठेवला आणि फोटोंच्या वेगाला लगाम घातला.

सोमवारी अकराला एक्स-रे विभागाला मुद्दाम दुप्पट फोटो पाठवायला सांगितले. डॉक्टर स्वतः मोबाइल कानाला लावून फुटपाथवर उभे राहिले. परिचारिकेनं एकदाच, साध्या आवाजात वाक्य म्हटलं. डॉक्टरांनी ते शेवटच्या ‘नाही’सकट म्हणून दाखवलं. मग स्पीकरवर त्यांचा आवाज आला, “आता ही खोली बंद करायची...”

सहाही जणींचे चेहरे उतरले.

“...नाही.”

खोलीत एकच हशा उसळला. मावशींचे डोळे भरून आले होते, तरी त्या फोनजवळ वाकून म्हणाल्या, “डॉक्टर, मधली ती फट तुमची हं. माझी लाइन चोख आहे.”