बाळसं नको म्हणे

रविवार, ९ नोव्हेंबर. काम : पिल्लाचं वजन.

हे काम दोघांचं. आधी नवरा एकटा वजनकाट्यावर उभा राहतो आणि मी आकडा लिहून घेते. मग तो पिल्लाला उचलून पुन्हा उभा राहतो, मी दुसरा आकडा लिहिते आणि वजाबाकी करते. पिल्लू ग्रेट डेन जातीचं, वय चार महिने. पुढचे पाय नवऱ्याच्या खांद्यावर, मागचे लोंबकळत आणि शेपटी ओट्यावरच्या डब्यांना लागते. काटा ओट्याजवळच ठेवावा लागतो, बाकी सगळीकडे तो डुगडुगतो.

त्या दिवशी वजाबाकी आली एकवीस. मागच्या रविवारी साडेअठरा होती. मी पुन्हा करून पाहिली. एकवीसच.

मला काही समजेना. दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी खाणं कमी करायला सांगितलं होतं आणि मी केलं होतं. वाटी बदलली होती, दूध बंद केलं होतं. खाणं कमी आणि वजन जास्त, असं मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं नव्हतं. उलटं खूपदा पाहिलं आहे. वहीत खाणं भरपूर आणि समोर मूल वाळलेलं. तिथे काय गडबड आहे ते मला पाच मिनिटांत कळतं.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. माझ्या हाताखालच्या सेविका दर महिन्याला मुलांची वजनं घेतात आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब मांडतात. टिंबं जोडून जी रेघ होते ती वर गेली पाहिजे. आडवी झाली तर आईला बोलावून घ्यायचं, खाली आली तर तिच्या घरी जायचं. वीस वर्षं हेच केलं. लोकांच्या पोरांच्या अंगावर बाळसं शोधत वस्त्या फिरले. दंडाला वळी दिसली की पुढचं दार.

पिल्लू आमच्याकडे आलं ते नवऱ्यामुळे. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहे. त्याच्या साहेबांची बदली झाली, तिकडे घर लहान, म्हणून दोन महिन्यांचं पिल्लू त्यांनी याच्या हवाली केलं. त्याच्या नावावर आमचं एकमत झालंच नाही. सासूबाई बाळ म्हणतात, नवरा वाघ म्हणतो, मी पिल्लू म्हणते. ते तिघांकडेही येतं.

मी चौकटीच्या कागदावर त्याचा तक्ता केला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. रेघ अशी सरळ वर गेली की मला बरं वाटलं. एकदा फोटो काढून सेविकांनाही दाखवला. म्हटलं, वाढ म्हणजे अशी.

मग पाय बिघडायला लागले. आधी पुढच्या पायांची मनगटं गाठीसारखी जाड झाली. मग दोन्ही पंजे बाहेर वळले, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे. फरशीवरून धावत आलं की पुढचे पाय फाकायचे. हे मी ओळखते, असं मला वाटलं. याला मुडदूस म्हणतात. मुलाला झाला तर आम्ही डॉक्टरांकडे पाठवतो आणि घरी सांगतो, ऊन दाखवा, दूध द्या, अंडं द्या. मी ते सगळं सुरू केलं. वर कॅल्शियमही.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे सगळं बंद करा.

"मुडदूस नाही मॅडम. उलटं आहे. हा घाईत वाढून राहिला. एवढ्या मोठ्या जातीचं पिल्लू हळू वाढलं पाहिजे. बाळसं नको याले."

"बाळसं नको?"

"नको. बरगड्या हाताले लागल्या पाहिजे, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. मोठ्या जातीच्या पिल्लांचं जे तयार खाणं देता त्यात कॅल्शियम मोजून टाकलेलं असते. वरून एक थेंब नाही. जिना नाही, उड्या नाही. आज हाडं कोवळी आहेत, सुधारतील. वाकडी पक्की झाली तर उद्या साठ-सत्तर किलोचं जनावर या पायांवर उभं राहणार आहे. म्हणजे राहणार नाही."

हे दोन आठवड्यांपूर्वीचं. आणि आता हे एकवीस किलो, आणि पंजे आधीपेक्षा जास्तच वळलेले. मी डॉक्टरांना फोन लावला. अकरा वाजता ते स्कूटरवर घरी आले, कारण या पिल्लाला बसवून न्यायला रिक्षावाले तयार होत नाहीत.

त्यांनी पिल्लाला अंगणात दोनदा चालवलं. मनगटं दाबून पाहिली. मग म्हणाले, "वजन माझ्यासमोर करा बरं."

नवरा काट्यावर उभा राहिला. मी वही घेतली.

"साहेब, हात," डॉक्टर म्हणाले.

"कोणता हात?"

"ओट्यावरचा."

नवऱ्याने डावा हात ओट्याच्या कडेवरून उचलला. काट्यावरचा आकडा दीड किलोने वर गेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने फ्रिजकडे पाहिलं. त्याला हृदयाच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आहे आणि मी त्याचाही आकडा त्याच वहीत लिहिते.

"किती रविवार चाललंय हे?"

"आजच. खरंच सांगतो. मागच्या रविवारी तू एवढी बोललीस..."

"मग पिल्लाला घेऊन उभे राहता तेव्हा?"

"तेव्हा हात रिकामा कुठे असतो?"

सासूबाई खिडकीजवळ खुर्चीत बसून पान लावत होत्या. त्या एवढ्या हसल्या की पान हातातून पडलं. "बापाचं वजन लेकराच्या नावावर टाकते रे तू!"

पुन्हा वजाबाकी केली. साडेएकोणीस. आठवड्यात एक किलो.

"एक किलो चालते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझा हात पालथा धरायला लावला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यावरून फिरवायला सांगितली. मग तीच बोटं पिल्लाच्या बरगड्यांवर. "सारखं लागलं? बस. तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर जास्त झालं. मूठ वळून गाठींवर हात फिरवल्यासारखं टोचलं तर कमी पडलं. काटा नसला तरी जमते हे. अंग छान आहे याचं."

"छान?" सासूबाईंचं हसू गेलं. "लेकराच्या बरगड्या मोजता येऊन राहिल्या अन् तुम्ही छान म्हणता? अशानं दृष्टसुद्धा लागत नाही कोणाची."

"आजी, अंग छान आहे. पाय नाही." डॉक्टर माझ्याकडे वळले. "अन् तेच समजून नाही राहिलं. वजन ताब्यात, खाणं ताब्यात. मग पाय काहून बिघडून राहिले? काहीतरी वेगळं जाऊन राहिलं पोटात. कॅल्शियम?"

"बंद केलं," मी म्हणाले.

आणि मी लगेच सासूबाईंकडे वळले. ही माझी नोकरीतली सवय आहे, प्रश्न आपल्याकडे आला की पुढच्या माणसाला विचारायचा. शिवाय सासूबाई पिल्लाला रोज दोन चमचे दही घालतात, त्या वाटीच्या कडेला चार दिवस मला काहीतरी पांढरं चिकटलेलं दिसत होतं आणि दही असं वाळत नाही.

"आई, तुम्ही काही देता का त्याला?"

"काय देणार मी?"

"दह्यात."

त्यांनी चुन्याची डबी बंद केली. "गव्हाएवढा."

"चुना?"

"गव्हाएवढाच वं. पाय वाकून राहिले त्याचे, मले काय दिसत नाही? तू पोटुशी होती तेव्हा तुले नव्हता दिला का मी दह्यात? तुह्या पोरीचे पाय पाह्य, कसे सरळ हायेत."

ते खरं होतं. मुलीचे पाय सरळ आहेत. डॉक्टरांनी चुन्याच्या डबीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजी, माणसाचं सोडा. हे तोंडाले पोटाले जाळते त्याच्या. अन् चुना म्हणजे कॅल्शियमच. लहान पिल्लाच्या आतड्याले बस म्हणता येत नाही. मोठं कुत्रं नको ते बाहेर टाकते. हे जेवढं द्याल तेवढं घेते अन् हाडात नेऊन घालते."

"रोज?" मी विचारलं.

"रोजच. औषध का अमावास्येले देतात?"

मी त्यांना बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी एवढं स्पष्ट सांगितलं होतं, घरात एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने... इथपर्यंत आले असेन. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अन् बाटलीतलं कोण देऊन राहिलं वं?"

मी वही मिटली. पिल्लू काटा चाटत होतं.

"तिखटाच्या डब्यामागं ठेवलेली बाटली. रोज सकाळी, मी पूजेले बसली की. घंटी वाजवतो मी, पण डोळे उघडे राहतात माझे."

बाटली माझी होती. म्हणजे माझ्या नावाने लिहून दिलेली. माझे गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी मला रोज दोन चमचे घ्यायला सांगितलं होतं. मी दसऱ्यापासून एकही घेतला नव्हता. पिल्लाला मात्र देत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी बंद करा म्हटल्यावर दोन दिवस बंद केलं. तिसऱ्या दिवशी ते फरशीवरून घसरत आलं, पुढचे पाय फाकले, आणि माझा हात बाटलीकडे गेला. म्हटलं, अर्धाच चमचा. डॉक्टर कुत्र्यांचे असतील, पण वाकडे पाय मी जास्त पाहिले आहेत.

"अर्धाच चमचा," मी म्हणाले.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम, तुमच्याकडे एखादी बाई येऊन म्हणाली असती की थोडंसंच देते, तर?"

किती दारांत मी हे ऐकलं आहे ते सांगता येणार नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट, थोडंसंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी, थोडंसंच. मी त्या बायकांना काय बोलते ते माझ्या नवऱ्याला माहीत आहे. तो शहाणा आहे, त्या वेळी काट्यावरच उभा राहिला आणि स्वतःचा आकडा बघत राहिला.

डॉक्टरांनी जाताना तीन गोष्टी सांगितल्या. आजपासून चुना नाही, बाटली नाही. या गुळगुळीत फरशीवर काहीतरी अंथरा, घसरून घसरून पाय आणखी वळतात. तीन आठवड्यांनी मी पुन्हा पाहीन. पंजे सरळ यायला लागले तर ठीक. नाही आले तर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात हाडांचा फोटो काढू आणि मग काय ते ठरवू.

"येतील का सरळ?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही दोघींनी हात आवरला तर येतील असं वाटते."

दुपारभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कॅल्शियम कमी पडलं तरी पाय वाकतात, जास्त झालं तरी वाकतात. मग पाय बघून माणसाने ओळखायचं काय? मी मुलांच्या बाबतीत घरच्या घरी औषध देत नाही, डॉक्टरांकडे पाठवते, हे खरं. पण पाठवण्याआधी मनात मी उत्तर लिहून ठेवलेलं असतं. ते किती वेळा बरोबर होतं? मी कधी परत जाऊन तपासलं नाही. रेघ वर गेली की मी पुढच्या दारात असायचे.

फ्रिजवरच्या तक्त्यात मी साडेएकोणीसचं टिंब मांडलं. रेघ पहिल्यांदा जरा कलली. मला ती बघवेना आणि तीच चांगली आहे म्हणे.

संध्याकाळी नवरा जरीपटक्याच्या बाजारात गेला आणि रबरी चटया घेऊन आला, पाण्याच्या टाकीजवळ घालतात तसल्या, हिरव्या. न सांगता गेला होता. मी विचारलं, "चटया आणल्या की काट्यापासून पळालात?" तो म्हणाला, "दोन्ही."

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी सहाला उठले. तिखटाच्या डब्यामागची बाटली काढली आणि ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन चमचे ओतून स्वतः घेतले. चव खडूसारखी आहे. पिल्लू हे एवढ्या आवडीने का चाटत होतं कळत नाही.

मग दारापासून त्याच्या ताटलीपर्यंत चटया अंथरल्या. खाणं वाटीने मोजून घातलं.

"तेवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

"तेवढंच. इकडे या."

मी त्यांचा हात धरून पिल्लाच्या बरगड्यांवर फिरवला, मग माझ्या पालथ्या हातावर. त्यांनी दोनदा करून पाहिलं. "मले तर दोन्ही हाडंच लागतात," त्या म्हणाल्या. पण पानाच्या डब्याकडे गेल्या नाहीत.

पिल्लाचं खाऊन झालं. मी फ्रिजवरचा तक्ता काढला, उलटा केला आणि चटईवर पसरला. पिल्लाला त्यावर उभं केलं. ते हलायला लागलं.

"धरा त्याला जरा."

सासूबाईंनी वाकून दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. "उभा राह्य गा. पाय काढून राहिली माय तुही."

मी पेन्सिलीने दोन्ही पुढच्या पंजांभोवती रेघ ओढली. डावा जास्त बाहेर होता, उजवा कमी. खाली तारीख घातली, १० नोव्हेंबर. मग तोच कागद उलट्या बाजूने फ्रिजवर लावला आणि साडेनवाच्या बैठकीला निघाले.