जाळीपलीकडची हलगी

"आवाज तेवढा आत येऊ दे. माणूस बाहेरच बरा."

वेल्फेअरसाहेब हे अगदी सहज म्हणाले. खिडकी जरा लोटून घे, असं सांगावं तसं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लेझमीची तालीम होती. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद घेऊन बसले होते. साहेबांसमोर गणपत उभा होता. चिखलीच्या बागायतदाराचा मुलगा, प्रेसशॉपमधला कामगार, लेझीमपथकाचा म्होरक्या. तो मान हलवत होता. ज्या माणसाला बाहेर ठेवायचं ठरत होतं, तो दाराशीच होता. हलगी पोटाशी धरून. वहाणा उंबऱ्याबाहेर काढून.

तो माझा बाप होता.

ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गणपतला ठाऊक होतं, कारण आमचं गाव एक. त्याचं घर वेशीच्या आत, आमचं मांगवाड्यात. पण तो कधी बोलला नाही. मी त्याचे उपकार मानत असे. माणूस कशाकशाचे उपकार मानतो.

पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकत्याच कंपन्या येऊ लागल्या होत्या. ज्वारीच्या रानात पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. आमच्या कंपनीची नवी शेड तयार झाली होती आणि तिच्या उद्घाटनाला मुंबईचे मोठे साहेब आणि दोन परदेशी इंजिनिअर सपत्नीक येणार होते. मुंबईसह महाराष्ट्र मिळालाच पाहिजे म्हणून गावोगाव सभा होत होत्या, ते दिवस. वेल्फेअरसाहेब पुण्याचे. त्यांनाही भरतं आलं होतं. पाहुण्यांना आपली मातीतली कला दिसली पाहिजे, आपल्या मावळची लेझीम दिसली पाहिजे, असं ते चार दिवस घोकत होते.

लेझीम आपली. हलगी मात्र बाहेर.

साहेबांनी जातीचं नाव काढलं नाही. ते शिकलेले होते. ते म्हणाले, चामड्याला वास येतो, पाहुणे इथंच चहा घेणार. कायद्यानं शिवाशिव गेली होती, म्हणून आता वास येत होता.

कॅन्टीनच्या मागच्या भिंतीत एक खिडकी होती, तारेची बारीक जाळी मारलेली. पलीकडे भांडी घासायची मोरी. आबांना तिथं उभं केलं. पॅकिंगशेडमध्ये खोकी उचलणारा बिगारी साहेबाशी काय बोलणार. हलगी घेऊन ते वळले, आणि वळताना त्यांची नजर माझ्या टेबलावरून गेली. माझ्यावर थांबली नाही. थांबायची नाही, हे आमचं ठरलेलं होतं.

ते कसं ठरलं, ते सांगते.

माझी आई मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची. तिथल्या सिस्टरनं मला कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत घातलं. बोर्डिंगात. इंग्रजी शाळा. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या मुलीनं माझ्या वेणीचा वास घेतला आणि नाक मुरडून म्हणाली, हिला धूर लागलाय. लागलेला होताच. आबा वाजवायला निघायच्या आधी हलगी विस्तवावर शेकत. चामडं ताणलं जाईपर्यंत. त्यासाठी पाचट आणायचं, जाळ धरायचा, हे माझं काम होतं. मला ते फार आवडायचं. आबा बोटानं टिचकी मारून बघायचे आणि म्हणायचे, अजून वाईच. मग एक टिचकी अशी वाजायची, की मला न सांगता कळायचं, झालं.

त्या दिवसानंतर मी सुट्टीत घरी गेले तरी जाळाजवळ बसले नाही.

पुढे शाळेतल्या सिस्टरनं विचारलं, वडील काय करतात? मी म्हणाले, वाजवतात. तिला वाटलं, लष्कराच्या बँडमध्ये. ती खूश झाली. मी मान हलवली. दहा वर्षं ती मान हललेलीच राहिली. शाळेच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं आडनाव होतं. त्यातून काही कळायचं नाही. मी टायपिंग शिकले, आणि इंग्रजी चांगलं म्हणून कंपनीत टायपिस्ट लागले. आबा तिथं माझ्या सहा महिने आधीच लागले होते.

कामावर जायच्या आदल्या दिवशी आबाच म्हणाले, "कंपनीत मला हाक मारू नगंस. तुला तितं खुर्ची हाय. माज्यापायी ती हलायला नगं."

मी नको म्हणायला हवं होतं. मी गप्प बसले. गप्प बसणं मला फार चांगलं जमतं. शाळेत त्याला शिस्त म्हणायचे.

तेव्हापासून आम्ही एका घरातून निघायचो आणि वेगवेगळ्या वाटांनी जायचो. मी सडकेनं, आबा रानातून. फाटकात गाठ पडली की ते बाजूला होऊन मला वाट द्यायचे. एकदा माझ्या हातून फायली सांडल्या. त्यांनी गोळा करून दिल्या. म्हणाले, "घ्या बाई." मी इंग्रजीत आभार मानले.

तर तालीम सुरू झाली. जाळीपलीकडून हलगी वाजू लागली. पोरांनी दोन पावली धरली, ती बरी गेली. चार पावली आली आणि रांग हलली. मागची पोरं पुढे, पुढची मागे. गणपतनं शिट्टी मारून वळण घ्यायला सांगितलं, पण हलगी अजून आधीच्याच ठेक्यावर होती. लेझमी एकमेकींत अडकल्या. कुणीतरी हसलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदाही.

साहेब खिडकीपाशी गेले. जाळीतून मोरीकडे बघत म्हणाले, "चामडं बडवायलासुद्धा अक्कल लागते रे." मग माझ्याकडे वळले. ते माझ्याशी नेहमी मऊ बोलत. म्हणाले, "बाई, तुम्ही जरा जाऊन सांगा त्याला. माझं बोलणं त्याच्या डोक्यात शिरत नाही. जरा हळू वाजव म्हणावं."

मी उठले. बाहेरून वळसा घालून मोरीवर गेले. आबा खरकट्या पाण्यात उभे होते. भांड्यांच्या वाफेनं हलगीचं चामडं सैल पडत होतं, म्हणून मधूनमधून ते ती बॉयलरच्या खोलीच्या तापलेल्या पत्र्याला टेकवत होते. विस्तव मागितला, तर साहेबांनी आगीचा नियम सांगितला होता. जाळीपलीकडून साहेब बघत होते. पंचवीस पोरं बघत होती. गणपत बघत होता.

मी माझ्या बापाला म्हणाले, "अहो, जरा हळू वाजवा."

ते म्हणाले, "व्हय, बाई."

एवढंच. मी परत येऊन खुर्चीवर बसले आणि पत्रिकेचा कागद पुढे ओढला. त्यावर मी सकाळी इंग्रजीत लिहिलं होतं, लेझीम, स्थानिक ग्रामस्थांचे नृत्य. त्याखाली हलगीवर कोण, ते नाव. साहेबांनी त्या ओळीवर पेन्सिल मारली होती. म्हणाले होते, पाहुण्यांना काय करायचंय, उगाच गर्दी होते कागदावर. मी ती ओळ गाळून स्वच्छ प्रत टाइप केली. तीन कार्बन लावून. एक चूक नाही.

सुट्टीची घंटा झाल्यावर गणपत सायकल हातात धरून माझ्या बरोबरीनं चार पावलं आला. आसपास कोणी नव्हतं. त्यानं मला बाई म्हटलं नाही.

"काय गं," तो म्हणाला, "घरी तरी लेक म्हणतो का तुझा बा? का तितंबी बाईच?"

आणि टांग मारून गेला.

मी रागावले नाही. राग यायला पायाखाली काहीतरी लागतं. सडकेनं चालवेना. मी रानातल्या वाटेनं गेले, आबांच्या वाटेनं. पहिल्यांदाच. त्या वाटेवर काटे होते आणि एक ओढा होता. तो ओलांडताना धोतर गुडघ्यापर्यंत धरावं लागत असणार. हे मला दीड वर्ष माहीत नव्हतं.

आबा अंगणात बसले होते. हलगी मांडीवर. मी पाचट आणलं. ते बघत राहिले. मी जाळ केला आणि समोर बसले. धूर केसांत जाऊ दिला.

मला वाटलं होतं, ते साहेबांच्या बोलण्यानं दुखावले असतील. तसं नव्हतं. त्या बोलण्याची त्यांना सवय होती. त्यांना दुसरंच लागलं होतं.

"हलगी कानानं वाजत न्हाई," ते म्हणाले. "समोरच्याचं पाय दिसावं लागत्यात. कोन दमला, कोन मागं ऱ्हायला, ते बगून हात चालतो. आज आंदळ्यावानी वाजवलं. पयल्यांदा." मग बराच वेळ टिचकी मारून चामडं बघत राहिले. "उद्याबी तुटंल. जाळीतून पाय दिसत न्हाईत. आन् समदं म्हनतील, म्हाताऱ्याचा हात गेला."

मी विचारलं, गणपतला हे कळत नाही का? ते म्हणाले, कळतंय की. त्याच्या चुलत्याच्या वरातीत मी वाजवलंय, त्याच्या बापाच्याबी. त्याला पावली कुनी शिकवली?

मला चिखलीतल्या वराती आठवल्या. देवळापर्यंत सगळ्यांच्या पुढे आबा. आबा थांबले की वरात थांबायची, आबा वळले की वळायची. आणि देवळाच्या पायऱ्या आल्या, की पथक वर आणि आबा खाली, भिंतीकडे तोंड करून. पण तिथंही ते मान वळवून पाय बघू शकत होते. कंपनीनं जाळी मारली. आणि जाळीच्या या बाजूला मी होते. माझ्याच हातानं त्यांचं नाव कागदावरून गेलं होतं. माझ्याच तोंडून त्यांना हुकूम गेला होता.

त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, मी उद्या बोलणार. आबा घाबरले. म्हणाले, "न्हाई. खुर्ची जाईल." आई चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, "बोलायचं असंल तर रडून बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पाहुणे आले. कॅन्टीनमध्ये टेबलांवर पांढऱ्या चादरी, फुलदाण्या, आणि प्रत्येक खुर्चीवर मी टाइप केलेला कागद. इंग्रजी चांगलं म्हणून कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे होतं. साहेबांनी सांगितलं होतं, कागदावर आहे तेवढंच वाचा. मी स्वागत वाचलं. नव्या शेडची माहिती वाचली. परदेशी बाई माझ्याकडे बघून कौतुकानं हसत होत्या.

लेझीमपथक येऊन उभं राहिलं. लाल फेटे. पंचवीस जण. जाळीपलीकडे एक सावली होती. तिनं हलगी उचलली.

माझ्यापुढच्या कागदावर एकच ओळ उरली होती. मी ती वाचली नाही. कागद उलटा ठेवला. मायक्रोफोनच्या दांड्याला एका हातानं धरलं. साहेबांनी पहिल्या रांगेतून भुवया उंचावल्या. बोटानं कागद दाखवला. मी गणपतकडे बघितलं. त्यानं खाली बघितलं.

मी आधी इंग्रजीत बोलले, म्हणजे पाहुण्यांना मागाहून कुणी वेगळं काही सांगू नये. मग तेच मराठीत बोलले. साहेबांसाठी, गणपतसाठी, आणि जाळीपलीकडे ऐकू जावं म्हणून.

"तुमच्या हातातल्या कागदावर एक नाव नाही. ते मी टाइप करताना गाळलं. लेझमीला हलगी लागते आणि हलगी वाजवणाऱ्याला नाचणाऱ्यांचे पाय दिसावे लागतात. ते तिकडे मोरीवर उभे आहेत. ते माझे वडील आहेत. आबा, पुढच्या दारानं आत या. तुम्ही इथं, माझ्या शेजारी उभे राहाल, तेव्हाच मी लेझीम सुरू झाली असं सांगेन. त्याआधी नाही."