फाट्यापर्यंतचे गोविंदराव

एस.टी.चे निवृत्त कंडक्टर गोविंदराव चुरी यांच्याइतका जव्हारचा जाणकार अख्ख्या डहाणू तालुक्यात दुसरा नाही, असं लोक म्हणत. गोविंदराव ते कधी खोडून काढत नसत. आपल्याविषयी कुणी चांगलं बोललं तर ते खोडून काढावं, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही, असं त्यांचं मत होतं. साठाव्या वर्षी ते मत त्यांना चांगलंच भोवलं.

एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली बावीस वर्षं डहाणू–जव्हार. मधली काही वर्षं तीच गाडी पुढे सेलवासपर्यंत जायची. आशागड, चारोटी, कासा, तलवाडा... कुठल्या थांब्यावर कोण चढणार, कुणाची कोंबडी टोपलीतून निसटणार आणि कोण नवऱ्याशी भांडून माहेरी निघाली आहे, हे त्यांना माणूस पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच कळे. पण गाडी पावणेबाराला जव्हारच्या स्टँडवर लागायची आणि सव्वाबाराला सुटायची. तेवढ्या अर्ध्या तासात कंट्रोलरकडे नोंद करायची, तोंडावर पाणी मारायचं आणि डबा उरकायचा. बावीस वर्षांत जव्हारचा राजवाडा त्यांनी एकदाही आतून पाहिला नव्हता. दाभोशाचा धबधबा तर बाहेरूनही नाही.

कंडक्टर माणसाला गावं ठाऊक असतात ती फाट्यापुरती. अमक्याचा फाटा, तमक्याचा फाटा. उतारू उतरला, दार ओढलं, दोन बेल दिल्या, गाडी पुढे. फाट्यापासून आत गाव किती लांब, रस्ता डावीकडून की उजवीकडून, हे उतरणाऱ्याने बघावं. गोविंदरावांना असे शंभरेक फाटे तोंडपाठ होते. लोकांना वाटे, यांना शंभर गावं माहीत आहेत.

ही थाप काही त्यांनी लोकांसाठी मारलेली नव्हती. ती मारली होती बायकोसाठी.

नर्मदाबाई तलासरीच्या. लग्न होऊन डहाणूला आल्या, चिकूच्या दहा-बारा झाडांच्या वाडीत रमल्या, आणि त्यांचं जग तलासरी ते डहाणू एवढंच राहिलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी दिवेलागणीला विचारलं होतं, "अहो, जव्हारला काय काय आहे?" आता नव्या नवऱ्याने काय सांगावं? एक स्टँड आहे, एक कँटीन आहे आणि मुतारीचा वास आहे? गोविंदरावांनी उतारूंच्या तोंडून ऐकलेला राजवाडा सांगितला. ऐकीव माल कमी पडला तिथे पदरचा घातला. राजवाड्यात चांदीच्या कड्यांचा झोपाळा टांगला. धबधबा तर थेट फाट्याशेजारी आणून ठेवला. "फाट्यावर उतरलं की समोरच. कपाळाचा घाम पुसायच्या आत माणूस पोचतो."

नर्मदाबाई ऐकत राहिल्या. पुढे त्या म्हणू लागल्या, "मला एकदा न्या ना." आणि तिथे गोविंदराव अडकले. नेलं तर पितळ उघडं पडणार. मग कधी रजा नाही, कधी चिकूची तोड आहे, कधी पोरीची परीक्षा. अगदीच काही सुचलं नाही तर, "मी रोजच बघतो गं, त्यात काय एवढं?" पोरगी लग्न होऊन वसईला गेली, गोविंदराव निवृत्त झाले, नर्मदाबाईंचे गुडघे कुरकुरू लागले. गेली काही वर्षं तर त्यांनी विचारायचंच सोडलं होतं. त्या गप्प झाल्या याचं गोविंदरावांना बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटायची.

२०१७ साली गणपती आटोपले आणि ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत योगिताबाई उभ्या राहिल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा आवाज अजून तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गाला पुरेल असा. "एक दिवसाची सहल. सकाळी जव्हार, राजवाडा, मग दाभोशाचा धबधबा. आणि गाइड शोधायला बाहेर जायची गरज नाही. आपले गोविंदराव आहेत!"

टाळ्या पडल्या. गोविंदराव 'नको नको' म्हणाले, पण 'नको नको' इतकं गोड हसून म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो हे मंडळाला ठाऊक होतं. हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस खाली बघत नाही. त्यांनी खाली बघितलं ते घरी आल्यावर. नर्मदाबाई कपाटातून गडद हिरवी साडी काढत होत्या.

"मीही नाव दिलंय," त्या म्हणाल्या. "आता तरी न्याल ना?"

सहलीला येणाऱ्या अठरा माणसांसमोर हसं झालं तरी चार दिवस लोक हसतील, पुढे विसरतील. पण हिच्यासमोर? जिच्या आयुष्यातली तीस वर्षं आपण एका झोपाळ्याच्या कड्यांना टांगून ठेवली, तिने तोंडावर 'खोटारडे' म्हटलं तर? तिला हे कळता कामा नये, एवढं एकच त्यांनी देवाकडे मागितलं.

सकाळी सहाला मिनीबस निघाली. चालवायला तुषार नावाचा आशागडचा तरुण ड्रायव्हर, आणि त्याच्या शेजारी, दाराच्या खांबाला पाठ टेकवून उभे गोविंदराव. बसायला सीट होती, पण उभं राहिल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. आणि तलवाड्यापर्यंत ते जे काही बोलले, त्याला तोड नव्हती. या वळणावर एक बाई गाडीतच बाळंत झाली होती, पोराचं नाव लोकांनी 'कंडक्टर' ठेवलं होतं. या पुलावर पाणी चढलं म्हणून अख्खी गाडी पाच तास भेंड्या खेळत बसली होती. तलवाड्याच्या चहावाल्याने त्यांना बघून अठरा चहा आणि वर भजी आणली. योगिताबाई मागे वळून म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात माहीतगार माणूस!" नर्मदाबाई खिडकीशी बसून ऐकत होत्या. नवरा असा रंगात आलेला त्यांनी घरात कधी बघितला नव्हता.

जव्हार आलं आणि गोविंदरावांचा आवाज बसला.

राजवाडा त्यांच्या कल्पनेतल्यापेक्षा वेगळाच निघाला. दगडी, शांत, घुमटांचा, भोवती झाडी. गोविंदराव पुढे चालत होते खरे, पण जिन्याजवळ येताच चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून मागे राहत आणि बाकीचे जिकडे वळतील तिकडे वळत. मुकण्यांच्या राजघराण्याविषयी भिंतीवरच्या पाटीवर जे होतं तेच त्यांनी मोठ्याने वाचलं. एवढ्यावर निभावलं असतं. पण नर्मदाबाई एकेका दालनात डोकावत होत्या, आणि शेवटी त्यांनी तिथल्या राखणदारालाच विचारलं, "दादा, चांदीच्या कड्यांचा झोपाळा कुठल्या खोलीत आहे हो?"

"चांदीचा झोपाळा?" राखणदार बुचकळ्यात पडला. "वीस वर्षं आहे मी इथं, ताई. असा झोपाळा तर नाही बघितला."

"दुरुस्तीला नेला असेल," गोविंदराव घाईघाईने म्हणाले. "आमच्या वेळी होता."

नर्मदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. जेवायला त्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. गोविंदरावांनी श्रीखंडाला हात लावला नाही, यावरूनच काय ते समजावं.

जेवण झाल्यावर गाडी सेलवासच्या रस्त्याला लागली. दाभोशाचा फाटा येताच गोविंदरावांचा हात सवयीने वर गेला. इथे बेलची दोरी नव्हती, म्हणून त्यांनी टपावरच थाप मारली. "थांबव तुषार! उतरा मंडळी, समोरच आहे."

अठरा म्हातारी माणसं छत्र्या, काठ्या, पाण्याच्या बाटल्या सांभाळत उतरली. समोर भाताचं शेत होतं. त्याच्या समोर आणखी भाताचं शेत होतं. पाण्याचा आवाज सोडाच, थेंब पडल्याचाही आवाज नव्हता. फोनला रेंज नव्हती. एक वाट खाली जात होती, गोविंदराव तिने निघाले आणि त्यांच्या मागे अख्खं मंडळ. वीस मिनिटांनी ती वाट एका गोठ्यात संपली. गोठ्यातली म्हैस या मिरवणुकीकडे बघत राहिली.

"गोविंदराव," योगिताबाईंनी वर्गावरचा आवाज काढला, "धबधबा कुठे आहे?"

हे त्यांना अजूनही सांगता आलं असतं: पाऊस कमी झाला, रस्ता बदलला, दरड कोसळली. तीस वर्षांत सबबींना कधी तोटा पडला नव्हता. पण त्यांची नजर नर्मदाबाईंवर गेली. त्या गुडघा धरून गोठ्याच्या दगडी ओट्यावर बसल्या होत्या, हिरव्या साडीचा काठ चिखलाने भरला होता. आपल्या बढाईपायी ही बाई आज एवढं चालली, आणि आपल्या बढाईपायीच इतकी वर्षं कुठे गेली नाही.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी या फाट्याच्या आत कधी आलो नाही. राजवाडाही आजच पाहिला. झोपाळा मी मनचा सांगितला होता. मला फक्त फाटे माहीत आहेत."

कुणीतरी खोकलं. योगिताबाई म्हणाल्या, "अहो, मग तुम्हाला गाइड केलं कुणी?"

"तुम्हीच," गोविंदराव म्हणाले, आणि यावर मात्र दोघं-तिघं हसली. नर्मदाबाई हसल्या नाहीत. त्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिल्या.

तेवढ्यात गोठ्याच्या मागून डोक्यावर काकड्यांची टोपली घेतलेली एक वारली बाई आली आणि टोपलीसकट थबकली. "कंडक्टर? तू कठं रं इथं?"

ती भिकी. बाजाराच्या दिवशी याच फाट्यावर ती टोपली घेऊन उभी असायची, आणि ती लांबून पळत येताना दिसली की गोविंदराव गाडी थांबवून ठेवायचे, ड्रायव्हर कितीही करवादला तरी. तिच्या बोलीत अहो-जाहो नाही. तिच्या लेखी कलेक्टरही 'तू'च.

"धबधब्याला निघालो होतो," गोविंदराव मान खाली घालून म्हणाले.

"धबधबा इथं कठं? तो तं त्या अंगाला, तीन मैल." भिकी खळखळून हसली. "रोज इथनंच जायचास तू. कदी उतरलास नीही. मी म्हणं, ह्या कंडक्टरला पाणी बघायचा कंटाळा!" मग तिने टोपली खाली ठेवली, काकड्या मोडून सगळ्यांच्या हातात दिल्या आणि सगळ्यांना फाट्यावर परत नेऊन सरळ मिनीबसमध्ये तुषारच्या शेजारी बसली. "चल रं. मी दाखवतं."

गाइडची जागा गेली होती. गोविंदराव मागच्या बाकावर जाऊन बसले. नर्मदाबाई पुढे, खिडकीशी. त्यांचा अंबाडा तेवढा दिसत होता, आणि अंबाड्यावरून माणसाच्या मनातलं कळत नाही.

धबधब्याचा आवाज आधी आला. मग गाडी थांबली, माणसं कठड्याशी गेली. पाणी कड्यावरून अख्खंच्या अख्खं खाली पडत होतं, पांढरं, जाड, आणि खालून उठलेले शिंतोडे वर उभ्या असलेल्यांच्या चष्म्यांवर येत होते. योगिताबाईंनी चष्मा पुसला आणि परत घातला, पुन्हा पुसला. गोविंदरावही बघत राहिले. उतारू सांगायचे त्यातलं काहीच खरं नव्हतं. हे त्याहून कितीतरी मोठं होतं. थोड्या वेळाने त्यांना जाणवलं की शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलंय.

"म्हणजे तुम्हीसुद्धा आजच बघताय?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"हो."

"आधी कधीच नाही? शपथ?"

"तुझी शपथ. नर्मदा, मी फार वाईट वागलो. तुला न्यायचं टाळलं ते..."

"गप्प बसा." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा नव्हता. "इतकी वर्षं मी तुमच्यावर जळत होते, कळलं? मी चुलीपुढे, आणि हा माणूस रोज राजवाड्यात फिरतोय, धबधबे बघतोय. मनात म्हणायचे, याला रोज एवढं सुख मिळतं आणि एक दिवस मला नेववत नाही. नवरा मला सोडून सगळं बघून बसला, आता माझ्याबरोबर बघण्यासारखं याला काही उरलंच नाही, असं वाटायचं. म्हणून विचारायचं सोडलं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि तुम्ही स्टँडवर डबा खात बसला होतात!"

"भेंडीची भाजी," गोविंदराव म्हणाले. "तूच दिलेली."

नर्मदाबाईंना हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना, शेवटी त्यांना कठडा धरावा लागला. मंडळातली माणसं वळून बघायला लागली तरी त्या थांबल्या नाहीत. गोविंदराव गोंधळून त्यांच्याकडे बघत होते. ज्या गोष्टीने ही बाई आपल्याला सोडून जाईल असं त्यांना वाटलं होतं, त्या गोष्टीने ती नव्या नवरीसारखी उजळली होती.

खाली पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत होत्या. बाकीच्यांनी वरूनच बघायचं ठरवलं. नर्मदाबाई मात्र पदर खोचून पहिल्या पायरीशी गेल्या.

"गुडघे?" गोविंदराव म्हणाले.

"गुडघ्यांचं उद्या बघू. दहा पायऱ्या तर दहा."

"सांभाळून हां. पुढे शेवाळ आहे, पायऱ्या फार निसरड्या आहेत."

"तुम्हाला काय ठाऊक?" नर्मदाबाई म्हणाल्या, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच चार लोकांदेखत त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "चला, दोघंही बघू."