वरच्याच्या हातात

वीज माणसाच्या ताब्यात आली आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी इंदूरला अन्नपूर्णा भागात आमच्या घरमालकांकडे एक दुपार काढावी. नोकरीसाठी साताऱ्याहून इथं येऊन मी त्यांची वरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "बाकी काही पण कर भिया, पण या घरात इलेक्ट्रिशियन आणायचा नाही. बिजलीचं सगळं काम आपण स्वतः करतो." मला वाटलं, चला, एक सोय झाली. ती धमकी होती हे यथावकाश कळलं.

हे घरमालक काका आयुष्यभर सरकारी शाळेत संस्कृत शिकवत होते, आणि विजेचं सगळं ज्ञान त्यांनी व्याकरणाच्या जोरावर मिळवलं होतं. फेज म्हणजे कर्ता, न्यूट्रल म्हणजे कर्म आणि स्विच म्हणजे क्रियापद. "आणि अर्थिंग?" मी एकदा विचारलं. पोह्यांवर शेव टाकता टाकता ते म्हणाले, "अव्यय. असलं काय, नसलं काय." त्या दिवसापासून मी गिझरला पायात चपला घातल्याशिवाय हात लावला नाही. त्यांच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असे. बँकेत सही करायची वेळ आली की ते ऐटीत टेस्टर काढत, आणि मग काउंटरवरच्या बाईंकडे पेन मागत. कुणाकडे चहाला गेले तर बसण्याआधी यजमानांच्या बोर्डात टेस्टर खुपसून बघत आणि "येतेय, येतेय" असं समाधानानं पुटपुटत. पुढे पुढे लोकांनी त्यांना अंगणातच चहा द्यायला सुरुवात केली.

माझ्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडला तो ऐन मे महिन्यात. भिंतीवरचा तो जुना काळा डबा फिरवला की एकतर पंखा ठप्प, नाहीतर कॅलेंडरासकट सगळं उडवून लावणारं वादळ. मी भीत भीत इलेक्ट्रिशियनचं नाव काढलं. काकांचा चेहरा असा पडला, की जणू मी त्यांच्या घरात राहून शेजारी जेवायला जातोय. दुसऱ्या दिवशी ते मल्हारगंजातून दोन नवे रेग्युलेटर घेऊन आले. एक माझा, एक त्यांचा. "तुझ्याकडे नवीन आणि माझ्याकडे जुना, हे बरं दिसतं का?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या खोलीतला चांगला चालणारा रेग्युलेटरही उखडून काढला. शिवाय वायर पण बदलूनच टाकू म्हणाले. वायरचं बंडल त्यांनी एकच आणलं होतं, आणि ते अख्खं लाल होतं.

मग मेन स्विच बंद झाला आणि काका काकूंच्या रबरी चपला घालून पाटावर चढले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या चपला दाराशी जिथल्या तिथं असत. काकांच्या टाचा त्या चपलांच्या पार बाहेर लोंबत होत्या. "स्वतःच्या का नाही घातल्या?" मी विचारलं. "अरे, तिच्यापुढं माझंच कधी काही चाललं नाही. करंटचं काय चालणार?" असं म्हणून ते कामाला लागले. दोन्ही पंख्यांच्या वायरी जिन्यातल्या एका डब्यात एकत्र येत. सगळ्या लाल, म्हणून काकांनी दोन्हींना चिकटपट्टी लावून एकीवर 'वरचा' आणि दुसरीवर 'खालचा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग जेवले, झोपले आणि संध्याकाळी उठून जोडणी केली. सकाळी लिहिताना 'वरचा' म्हणजे डब्यातला वरचा जोड होता, खालच्या पंख्याचा. संध्याकाळी वाचताना तो वरच्या मजल्याचा झाला. संदिग्ध शब्द लिहिला म्हणून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांचे मार्क कापले, त्यांना एका विशेषणानं असं गाठलं.

मेन चालू झाला. मी मोठ्या आशेनं बटण दाबलं. माझा पंखा ढिम्म. खालून मात्र काकांचा जयघोष ऐकू आला, "चालू झाला भिया!" त्यांनी अजून स्वतःच्या बटणाला हातही लावला नव्हता. त्यांनी लावला तेव्हा माझा पंखा फिरायला लागला. आम्ही दोघं जिन्यात भेटलो. काकांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ठाम स्वरात सांगितलं, "वायरिंग बिलकुल सही आहे. माणसं वर-खाली झालीयेत." तो डबा पुन्हा उघडणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि ते तर या जन्मी शक्य नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात हाका सुरू झाल्या. "काका, पाच!" मी वरून ओरडायचो. "भिया, तीन!" ते खालून. गल्लीत नव्या आलेल्या लोकांना वाटे, इथं लिलाव चालतो. एकदा ऑफिसच्या भर मीटिंगमध्ये फोन आला, "काय करून राहिलास? ढग आलेत, मला थंडी वाजून राहिली आहे." मी गावी गेलो की गुडघे दाबत ते वर येत, स्वतःचा पंखा लावत आणि खाली जाऊन त्याखाली झोपत. पहाटे त्यांनी रेडिओवर भजनं मोठ्यानं लावली की मी त्यांचा पंखा बंद करी. ते लगेच माझा बंद करत. हिवाळ्यात तेवढी आमची शस्त्रं म्यान व्हायची. पण उन्हाळ्यात रोज सकाळी "बंद कर रे!" ही त्यांची हाक आली की मी उठायचो, आणि तीच मला घड्याळापेक्षा खात्रीची वाटे.

एका सकाळी ती हाक आली नाही. मी तसाच खाली धावलो. काका तापानं फणफणले होते, आणि डोक्यावर पंखा भरधाव फिरत होता. दवाखाना झाला, सलाईन झालं, आणि पुण्याहून त्यांचा मुलगा आला. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, असं त्यानं येतानाच ठरवलं होतं. काका घर सोडायला अजिबात तयार नव्हते. "मी एकटा कुठं आहे? माझं सगळं वरच्याच्या हातात आहे," ते म्हणाले. मुलगा जवळ येऊन बसला. "बाबा, असं निराश बोलू नका," म्हणत त्यानं त्यांना वारा मिळावा म्हणून उठून बटण दाबलं. खालचा पंखा हलला नाही. वरून मात्र मी सवयीनं ओरडलो, "काका, माझा कशाला लावलात?"

झालं. आता सगळंच उघडं पडलं. मी परोपरीनं सांगून पाहिलं, की अहो, या उलट्या वायरींमुळंच तर त्या सकाळी मला कळलं. पण ज्या माणसाच्या पंख्याचं बटण भाडेकरूच्या खोलीत आहे, तो एकटा राहू शकतो हे कुठल्या मुलाला पटेल? त्यानं इलेक्ट्रिशियन बोलावला. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चहा निवायच्या आत काम झालं. आणि पुढच्याच आठवड्यात काका पुण्याला गेले. दाराशी काकूंच्या चपला दिसल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की ते परत यायच्या तयारीनं गेलेले नाहीत.

आता माझा पंखा माझं ऐकतो. मला त्याचं काही कौतुक नाही. खालच्या खोलीला कुलूप आहे, आणि सकाळी मी मोबाइलच्या गजरानं उठतो.

परवा दुपारी काकांचा फोन आला. मुलाचं घर अकराव्या मजल्यावर आहे म्हणे. "आता मी वरचा झालो भिया, आणि तू खालचा." मग इकडची तिकडची चौकशी झाली. तिथं एसी आहे, त्याचा रिमोट सुनेकडे असतो, आणि भिया म्हटलं की लिफ्टवाला नुसता बघत राहतो. बोलणं संपलं असं वाटलं, पण फोन काही बंद होईना. मग हळूच आवाज आला, "भिया, जरा तीनवर कर ना."

मी उठलो आणि रेग्युलेटर पाचवरून तीनवर आणला. माझाच पंखा हळू झाला.

"केला काका."

"हां," ते म्हणाले, "आता बरं वाटतंय."