फिरतंय की डोलतंय

आमच्या खोलीत समोर बसतात, त्यांना सगळी संशोधन संस्था अण्णाच म्हणते. मूळचे बेळगावकडचे, बसवनगुडीत राहून मराठी निम्मं कानडी झालंय. लहान रेणू कसे थरथरतात आणि आतल्या आत कसे फिरतात, याची गणितं मांडण्यात त्यांचा जन्म गेला.

कुणी गणित दाखवायला आलं की अण्णा पाण्याच्या बाटलीचं झाकण अंगठ्यानं फिरवत विचारतात, "रेणूचं हे टोक फिरतंय की डोलतंय, सांग बघू." टोकाला तीन हायड्रोजनचा पंखा असतो. तो फिरत नाही, नुसता डोलतो असं धरलं की गणित सोपं होतं आणि उत्तर चुकतं. तसं धरणाऱ्याला अण्णा सोडत नाहीत. "पुन्हा कर. सरी? कळलं?"

मला त्यांचा हा कडकपणा आवडायचा.

परवा संचालकांनी व्याख्यानातल्या गणितात तो पंखा सरळ डोलता धरला. आम्ही सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या नोकरीच्या मुदतवाढीवर संचालकांची सही व्हायची होती. झाकण जागचं हललं नाही. शेवटी ते उठून म्हणाले, "फार सुंदर मांडणी, सर."

काल त्यांची विद्यार्थिनी प्रबंधाचं प्रकरण घेऊन आली. झाकण फिरू लागलं. तोच प्रश्न.

ती म्हणाली, "परवा डोलत होतं अण्णा. आज फिरतंय."

अण्णांनी पान न उलटता प्रकरण तिच्याकडे सरकवलं. "पुन्हा कर."

मी नंतर पाहिलं, तिच्या गणितात एकही चूक नव्हती.